ओझुमाची पंगत

शिंदखेड्यात रतिलाल नानांची पिठाची चक्की. तिच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणजे टोकायलाही कुणी नाही; नानांनी तिथं उभ्या उभ्या स्वतःची भाषाच रचली. नाव ठेवलं हुरमी. आता भाषा म्हटली की देव आले, देव आले की पुजारी आला. हुरमीत पुजाऱ्याला म्हणायचं ओझुमा. नियमही नानांचाच: जो सगळ्यांना वाढून शेवटी जेवतो तो ओझुमा, आणि घरानं त्याच्या पाया पडायचं. पहिला ओझुमा कोण? अहो, दुसरं कोण असणार!

दुखणं एकच होतं. हुरमी बोलायला जगात दुसरं माणूस नव्हतं. भाऊबंद हसून लोळायचे, लेक कानावर हात ठेवायची. मी गेलो की भाषा गेली, या विचारानं नाना खरंच कासावीस व्हायचे. बायको दिपमाला मात्र पीठ चाळता चाळता ऐकत असायची.

श्रावणात कानबाई देवीचा रोटांचा सण आला. सगळे भाऊबंद जमले. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. आणि आमचे ओझुमा महाराज सगळ्यांच्या आधी पाटावर! पहिला घास उचलला, तोच दिपमाला कडाडली, "ओझुमा, नेरू!"

नेरू म्हणजे ऊठ. अगदी शुद्ध हुरमी! नानांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बिचारे उठले आणि वाढायला लागले. पोटात कावळे ओरडत होते, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पंगत उठल्यावर बसले, चापून जेवले, मग पाय पुढे करून म्हणाले, "हं, पडा आता पाया."

"थांबा," दिपमाला म्हणाली. ती स्वतःचं ताट आत्ता कुठं वाढून घेत होती. "या घरमा बठ्ठासना मांगे कोन जेवस? रोज?"

रोज सगळ्यांच्या मागून जेवणारी समोरच ताट घेऊन होती; नानांचे पाय हळूच मागे गेले. सगळे भाऊबंद टक लावून बघत होते. नियम आपलाच, पळणार कुठं? नाना वाकले आणि सगळ्यांदेखत बायकोच्या पाया पडले. कान लाल झाले, पण मनातून बरंही वाटलं.

दिपमालानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "झिलमा तुरू!"

नाना चमकले. हे शब्द त्यांनी केलेच नव्हते.

"हाई कोनं शे?"

"मनं. आजच बनाडं."

बायकोनं स्वतः शब्द घडवले होते. हुरमी आता एकट्याची राहिली नव्हती. "काय आशीर्वाद शे हाऊ?"

"आशीर्वाद कसाना? भांडा घसाले लागा."