श्वासाची जागा

फुंकेमास्तरांचं खरं आडनाव पगारपत्रकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. संगीतशाळेत जन्मभर क्लॅरिनेट शिकवलं म्हणून पोरांनी हे नाव पाडलं, आणि मास्तरांनी हसत चालवून घेतलं. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि धाकटी बहीण. ती चेलो वाजवायची, म्हणजे गुडघ्यांमध्ये धरायचं थोरलं व्हायोलिन. दोघांची भांडणंसुद्धा सुरात, असं शेजारी म्हणत.

त्यांना धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "फुप्फुसं आखडत चाललीत. आता वाजवणं बंद."

"एक कार्यक्रम ठरलाय," मास्तर म्हणाले. "तेवढा होऊ द्या."

त्यात क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली एक जुनी रचना वाजवायची होती: दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि बहिणीचा चेलो. तिच्या संथ भागातली लांबलचक ओळ मास्तर एका दमात वाजवत आले होते, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! आता ती अर्ध्यावरच तुटायची.

"मधे कुठेतरी श्वास घे ना, दादा."

"कुठेतरी? बोलताना शब्दाच्या मधेच थांबतेस का तू?"

मग त्यांनी जेवणाच्या टेबलावर पाचही वाद्यांची स्वरलिपी पसरली. आजवर नजर फक्त आपल्या ओळीवर असायची. आता ते खालच्या ओळी वाचायला लागले. कुठे सूर विसावतात, कुठे ताण वाढतो. अडलं की बहीण तेवढा तुकडा चेलोवर वाजवून दाखवायची. एका दुपारी त्यांचं बोट व्हायोलाच्या ओळीवर थबकलं.

"अगं, माझं वाक्य इथे संपतंच! मग व्हायोला काहीतरी विचारतो आणि पुढचं माझं उत्तर आहे. मी मेला त्याला बोलूच देत नव्हतो."

"आणि मी खाली एकच सूर धरून काय करते?"

"तू आमचं संपायची वाट बघतेस."

बहीण चहा ठेवायला उठली.

तालमीला मास्तरांनी व्हायोलावाल्यांना, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना, जरा मोठ्यानं वाजवायला सांगितलं. "आजवर सगळ्यांनी हळू वाजवा म्हणूनच सांगितलं हो," ते म्हणाले, आणि खूश होऊन वाजवायला लागले.

कार्यक्रमात संथ भाग असा झाला की सभागृहात कुणी खोकलंही नाही. व्हायोलानं विचारलं, मास्तरांनी श्वास घेतला, उत्तर दिलं. शेवटचा भाग मात्र वेगाचा. निम्म्यात मास्तरांचा दम संपला. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि मानेनंच खूण केली: थांबू नका. बहिणीनं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा हात थांबला असता. चौघांनी रचना पूर्ण केली.

आत आल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "शेवटाला तुझा भाग किती सुंदर आहे गं. माझ्याच आवाजात कधी ऐकूच आला नाही."

थंडी सरायच्या आत मास्तर गेले. अखेरच्या दिवसांत त्यांच्या उशाशी प्राणवायूचं भाड्याचं यंत्र असायचं. ते न्यायला दुकानातला माणूस आला, तेव्हा बहीण म्हणाली, "जरा चालू करता?"

"बिघडलंय का, ताई?"

"नाही. तरी पण."

त्यानं बटण दाबलं. रिकाम्या पलंगाशेजारी यंत्राची संथ घरघर सुरू झाली. ती दाराला टेकून ऐकत राहिली. माणूस भला होता. त्यानं घाई केली नाही.