तू काढलेलं कुठलं?

सरांनी माझ्या उघड्या खांद्यावर लाकडी पट्टी टेकवली आणि वर्गाला म्हणाले, "हे हाड बघा कसं वर आलंय. चरबी नाहीच. तुमच्यापैकी कोणाला बसवलं असतं तर दिसलं असतं का?"

वर्ग हसला. मी टेबलावर उकिडवी बसले होते. हलायचं नव्हतं.

मी कोणी बाहेरून आणलेली बाई नव्हते. त्याच वर्गातली विद्यार्थिनी होते. बोईसरच्या त्या चित्रकला वर्गात माणूस समोर बसवून काढायचा तास असायचा. शरीर कसं वळतं, वजन कुठल्या पायावर येतं, ते शिकायचं. बाजारातले एक म्हातारे बाबा बसायला यायचे. ते यायचे बंद झाले. सरांची नजर वर्गभर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"तू बस. तुम्हा लोकांना उकिडवं बसायची सवय असते."

सवय होतीच. वाणगावच्या पुढे डोंगराकडच्या आमच्या पाड्यावर सगळे तसेच बसतात. पण तिथे कोणी पट्टी लावत नाही.

एकदा बसले आणि कायमची अडकले. मग सर म्हणाले, आईचं लुगडं आण, तुमच्याकडे नेसतात तसंच नेस, गुडघ्यापर्यंत, खांदे उघडे. घरी मी गॅदरिंगचं खोटं सांगितलं. ते नेसून भाताच्या आवणीला वाकावं तशी वाकून उभी राहायचे. पाठ भरून यायची, पायाला मुंग्या यायच्या. सर मुलांना सांगायचे, "चेहऱ्यात अडकू नका. फिगर पकडा." पुढे मुलं मला फिगरच म्हणायला लागली. फिगर आली का? फिगर, जरा डावीकडे.

मी 'नाही' का म्हटलं नाही? मार्क सरांच्या हातात होते. आणि खरं सांगते, जीभच उचलत नव्हती. स्वतःचाच राग यायचा, पण तो घेऊन जाणार कुठे?

सहामाहीला सरांनी सगळ्यांची चित्रं मागितली. माझा कागद कोरा.

"सर, मी बसले होते."

"ते मला सांगू नको. बाकीच्यांची आहेत ना?"

मग पालघरला वर्गाचं प्रदर्शन लागलं. मी नको म्हणत असताना आई आली. चप्पल दाराबाहेर काढून आत शिरली. पोरीने काढलेलं चित्र बघायला आली होती. भिंतीभिंतीने सावकाश फिरली. सगळीकडे वाकलेली, बसलेली, बिनचेहऱ्याची बाई.

"तू काडलेला कुठला?" तिने विचारलं.

ती एका चित्रापुढे थांबली. चित्रातल्या लुगड्याचा काठ बघत राहिली.

"लुगडा माजा हाय," ती म्हणाली. "आंग तुजा हाय."

जन्मभर जसं नेसली तसंच नेसून आली होती. आता तिथे, त्या लोकांत, पदर ओढून खांदे झाकायला लागली. माझ्यामुळे तिला स्वतःच्या अंगाची लाज वाटली. परतीच्या रिक्षात मी तिच्याकडे बघू शकले नाही.

सोमवारी सर नेहमीसारखं म्हणाले, "चल, बस."

मी बोर्डावर कागद लावत होते. चिमटा दोनदा सुटला.

"मी बसणार नाही, सर. मी काढणार."

"मग बसणार कोण?"

मी चिमटा पुन्हा लावला. वर्गातलं कोणी उठलं नाही. टेबल रिकामं राहिलं आणि सरांनी तास रद्द केला. तुझ्यामुळे सगळ्यांचं नुकसान, म्हणाले. मुलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. वर्षाच्या शेवटी मी नापास झाले.

यंदा त्याच वर्गात पुन्हा नाव घातलंय. सरही तेच आहेत. ते पुन्हा नापास करतील, करू देत. पण या वेळी त्यांना माझं काम बघून नापास करावं लागेल. कोरा कागद मी देणार नाही आणि त्या टेबलावर चढणार नाही.