मंगळवारचा पोळा

शेवंताबाई कोणाला ‘कसा आहेस’ असे कधी विचारत नसत. समोर दिसलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न असे, "जाळी झाडली का?" लाखनीच्या हायवेवर त्यांची लॉन्ड्री होती. मी तिथे सुपरवायझर म्हणून रुजू झालो आणि पाया पडायला वाकलो, तेव्हाही आशीर्वादाच्या जागी हेच आले. मी गोंधळून पाहत राहिलो, तर हाताला धरून त्यांनी मला थेट ड्रायरपुढे उभे केले.

लॉजच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, वरठीकडच्या कामगारांचे गणवेश, सगळे गॅसवरच्या मोठ्या ड्रायरांत सुकायचे. सुकताना कपड्यांतून मऊ तूस सुटते आणि जाळीत साचते. जाळी तुंबली की हवा कोंडते, यंत्र तापते आणि तूस पेट घेते. म्हणून प्रत्येक खेपेनंतर जाळी झाडायची, हा बाईंचा नियम. शिवाय मंगळवारी सगळे ड्रायर बंद. त्या दिवशी मागचा पाइप, बर्नर, पट्टा, बेअरिंग, सगळे उघडून साफ करायचे. या दिवसाला बाई पोळा म्हणत. एकोडी या त्यांच्या गावी धानाच्या शेतीत त्यांचा अर्धा जन्म गेलेला. "बैलाले पोळ्याच्या दिवशी जुपते का कोनी? हे तं बैलाहून जास्त राबते. याले दर हप्त्याले पोळा पाह्यजे."

ड्रायरवर काम करणाऱ्या आमच्या सुकरूने हे फारच मनावर घेतले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. ड्रम फिरवणारा पट्टा म्हणजे ड्रायरचा खांदाच, असे ठरवून त्याने खऱ्या पोळ्याच्या आधी सगळ्या पट्ट्यांना मनोभावे हळद-लोणी लावले. सणानंतर यंत्रे सुरू केली तर मोटर घुमते, पट्टा घसरतो आणि ड्रम जागचा हलत नाही. सुकरू मान खाली घालून उभा. बाई हसून हसून खालीच बसल्या. मग पदर खोचून त्याच्या बरोबरीने पट्टे पुसायला लागल्या. "माया केली तू, पन जागा चुकली गा," एवढेच म्हणाल्या.

त्यांच्या पोळ्याची खरी परीक्षा एका लग्नसराईत झाली. आमच्या सर्वांत मोठ्या लॉजचा मॅनेजर मंगळवारी सकाळीच चादरींचे ढीग घेऊन आला. संध्याकाळी वऱ्हाड उतरणार होते. चादरी मिळाल्या नाहीत तर उद्यापासून सगळे काम भंडाऱ्याला जाईल, असे त्याने सांगून टाकले. ते काम गेले असते तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना घरी बसावे लागले असते. मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "एकच ड्रायर चालवू, बाई."

"तू काहून घाबरून राहिला? चादरी देतो आपन. ड्रायर नाही चालनार."

धुवून पिळलेल्या ओल्या चादरी टेम्पोत घालून बाई स्वतः एकोडीला गेल्या. जावा, भाच्या, शेजारणी, सगळ्यांना कामाला लावले आणि खळ्यावर दोर बांधून चादरी वाळत घातल्या. वैशाखाचे ऊन आमच्याकडे कुणाचे ऐकत नाही. दिवे लागायच्या आत घडी घातलेल्या चादरी लॉजवर पोचल्या.

इकडे आम्ही कोपऱ्यातल्या ड्रायरचा पाइप उघडला होता. बाहेरच्या तोंडाशी साळुंकीने आठवडाभरातच घरटे केले होते आणि त्यामागे अडकलेले तूस करपून तपकिरी झाले होते. बोटांत धरले तर चुरा झाला. परत आलेल्या बाईंनी तो चुरा तळहातावर घेऊन पाहिला. "आज चालवला असता, तं आता रस्त्यावर उभे राहून आग पाह्यत असतो."

पुढे गुडघ्यांनी दगा दिला तशा बाई एकोडीलाच राहू लागल्या. त्या गेल्याचा फोन आला तोही मंगळवारीच, पाइप खोललेले असताना. सुकरू रडत म्हणाला, "असंच टाकून जाऊ." मलाही तेच वाटत होते. पण हात थांबेनात. पाइप जोडले, जाळ्या बसवल्या, एकेक ड्रायर रिकामा फिरवून पाहिला आणि मगच आम्ही निघालो.

एकोडीच्या अंगणात बाईंच्या मुलीने माझ्या केसांतले तूस काढले. "माय सकाळी विचारून राह्यली होती," ती म्हणाली, "आज पोळा होय ना म्हनून."

"झाला," मी म्हणालो, आणि मग मला रडू आवरले नाही.