गाडी बंद केली तेव्हा

आमच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाला मी जवळजवळ आठ महिने हात जोडले नव्हते. बायको रोज दिवा लावायची, भंडारा वाहायची, आणि मी चपला घालून सरळ स्टुडिओकडे निघायचो. राग होता, दुसरं काही नाही. माझ्या आबांनी जन्मभर मेंढरं राखली आणि उन्हातान्हात त्यांच्या तोंडी मल्हारीशिवाय दुसरं नाव नव्हतं. अशा माणसाच्या डोक्यातून देवानं आधी गावांची नावं पुसली, मग सुनेचं नाव, आणि शेवटी माझं. पूर्वी ते मला चारचौघांत ‘बे’ म्हणायचे. स्टुडिओत गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी दारातून ओरडायचे, “जेवला का बे?” मला भारी लाज वाटायची. आता ते मला ‘पाव्हणं’ म्हणत. सकाळी चहा पुढे केला की दोन्ही हातांनी कप घेत आणि अदबीनं विचारत, “पाव्हणं, गाव कोणतं तुमचं?” डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. देवाला विचारावं तर तो काही बोलत नव्हता, म्हणून मीही बोलणं सोडलं.

वडवणीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जे येईल ते करतो. दोन वर्षांपूर्वी ड्रोन घेतला आणि माझा भाव जरा वाढला, माझा मलाही वाढला असावा. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी धर्मापुरीच्या मंडळींचा फोन आला की गावातल्या जुन्या महादेवाच्या देवळाचा वरून व्हिडिओ काढून हवा आहे. बायको त्या आठवड्यात नेकनूरला माहेरी गेली होती. आबांना एकटं घरी ठेवणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पाण्याची बाटली आणि दुपारच्या गोळ्या बरोबर घेतल्या आणि सकाळीच निघालो. रस्ताभर ते खिडकीतून शेतं बघत होते. सोयाबीनची काढणी झाली होती, तूर डोक्याएवढी उभी होती. मधेच एका मोकळ्या रानात मेंढरं बसलेली दिसली आणि आबा सीटवर एकदम ताठ झाले. मी गाडी थांबवली नाही. माझं लक्ष ऊन डोक्यावर यायच्या आत पोचण्याकडे होतं.

देवळाच्या आवारात लिंबाच्या सावलीत मी त्यांना बसवलं. शेजारी गुरवबाबा फुलं निवडत होते, त्यांना लक्ष ठेवा म्हणालो आणि ड्रोन वर सोडला. ड्रोनच्या तीन बॅटऱ्या होत्या. एकेक बॅटरी अर्ध्या तासात संपते. पहिली संपली, दुसरी लावली. शिखर चांगलं येत होतं, सावल्या योग्य पडल्या होत्या, म्हणून तिसरीही लावली. मान खाली, नजर पडद्यावर. देवळाचा एकेक दगड मी आकाशातून बघत होतो आणि दहा पावलांवरचा बाप माझ्या नजरेतून सुटला. मान वर केली तेव्हा लिंबाखाली त्यांचा पटका होता, ते नव्हते. गुरवबाबा आत नैवेद्य दाखवायला गेले होते. त्यांची काहीच चूक नव्हती. लक्ष ठेवायचं काम माझं होतं.

आधी वाटलं इथंच असतील. देवळाला दोन फेऱ्या मारल्या, बारवेत डोकावलो. मग दिसेल त्याला विचारत सुटलो. एका बाईनं सांगितलं की एक म्हातारबाबा पूर्वेच्या गाडीवाटेनं गेले, हातात काठी होती आणि तोंडानं काहीतरी बोलत होते. गुरवबाबांनी चार माणसं गोळा केली, ती दुचाक्या घेऊन रस्त्याच्या दोन्ही अंगांना गेली. मी गाडी पूर्वेच्या वाटेला घातली. जिथं वाट संपून नुसती तूर सुरू होते तिथं गाडी चालूच ठेवून उतरलो आणि हाका मारल्या. आबा, आबा करून घसा बसला. बाप आपल्याला ओळखत नसताना त्याला आबा म्हणून हाक मारण्यात काय अर्थ, हेही मनात येऊन गेलं. ते सकाळपासून फक्त कपभर चहावर होते. रक्तदाबाची गोळी माझ्या खिशात, पाण्याची बाटली गाडीत. आणि वाटेनं येताना मी दोन विहिरी बघितल्या होत्या, दोन्हींना कठडा नव्हता.

तिसऱ्या बॅटरीत थोडा जीव उरला होता, तेवढ्यावर ड्रोन उडवला. पडद्यावर तूर, तूर आणि तूर. एका विहिरीवर नेला आणि हळूहळू खाली उतरवला. पाणी दिसलं, पाण्यावर काही नव्हतं. दुसऱ्या विहिरीकडे वळवणार तोच ड्रोन ओरडायला लागला आणि बॅटरी संपल्यामुळे आपला आपण परत फिरला. ती दुसरी विहीर तशीच राहिली. पुढचा तासभर माझ्या डोळ्यांपुढून ती हलली नाही.

गाडीत लायटरच्या भोकात घालायचा चार्जर असतो, तो मी कायम बरोबर ठेवतो. बॅटरी त्याला लावली तर दिवा लागेना. उडून आलेली बॅटरी तापलेली असते आणि तापलेली बॅटरी चार्ज होत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या वेळी मात्र मी तिला शिव्या घातल्या. सकाळी पहिल्यांदा वापरलेली बॅटरी निवली असेल हे सुचायलासुद्धा वेळ लागला. ती लावली आणि पहिला दिवा लुकलुकायला लागला. तिच्यावर असे चार दिवे आहेत. दोन पक्के लागले की दुसरी विहीर, खालच्या अंगाचा ओढा आणि पलीकडचं रान बघून होईल असा मी हिशेब केला. माझ्या गाडीची बॅटरीही म्हातारी झाली होती. इंजिन बंद ठेवून तिच्यावर चार्ज करायला घेतलं असतं तर गाडीच बंद पडली असती. म्हणून इंजिन चालू ठेवलं. जुनं डिझेल इंजिन ते, पत्रे खडखडत होते. मी दार उघडून पाय बाहेर टाकून बसलो आणि त्या दिव्याकडे बघत राहिलो.

तुम्ही म्हणाल, हा माणूस तुरीत का शिरला नाही. शिरलो होतो, दोनदा. चार सऱ्या चाललो की पाचवीत काय आहे ते दिसत नाही. वरून मात्र सगळं दिसतं, ही माझी पक्की समजूत होती. हातात एवढं मशीन असताना आंधळ्यासारखं चाचपडायचं कशाला, असं वाटत होतं. मध्येच गुरवबाबांचा फोन आला, अजून पत्ता नाही. मी म्हणालो, थोडा वेळ, बॅटरी चार्ज होते आहे. त्यांनी फोन ठेवला. पहिला दिवा पक्का झाला, दुसरा लुकलुकू लागला. घड्याळ बघत होतो, दिवा बघत होतो. बायकोला कळवायचं धाडस होत नव्हतं. तिनं विचारलं असतं, तुम्ही कुठं होता?

तेवढ्यात मागून मेंढरांचा कळप आला. त्यांच्यामागे एक पन्नाशीची बाई होती, डोक्यावर पदर, खांद्यावर घोंगडी. कळप पुढे गेला आणि एक मेंढी वाटेच्या कडेला, माझ्या गाडीपासून पंधरा-वीस हातांवर, आडवी झाली. बाई तिच्यापाशी बसली, तिच्या पोटावरून हात फिरवला आणि मग उठून माझ्याकडे आली.

“दादा, गाडी बंद करता का जरा? मेंढी अडली हाय. आवाजानं बिथरायली.”

मी तिच्यावर खेकसलो. माझा बाप हरवलाय आणि तुला मेंढीचं पडलंय, असंच काहीतरी बोललो. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमचं बी खरं हाय. पर ती मरंल ओ.” आणि परत मेंढीपाशी जाऊन बसली.

मी दिव्याकडे बघितलं. दुसरा अजून लुकलुकतच होता. आणि मला आबा दिसले, तरणे, माझ्या लहानपणचे. मेंढी व्यायला आली की ते कोणाला बोलू देत नसत. कुत्र्याला लांब बांधत, आईला भांडी वाजवू देत नसत, मला तोंडावर बोट ठेवायला लावत. म्हणत, “गप बे, देवाचं काम चालू हाय.” ज्यांना मी शोधत होतो ते इथं असते तर त्यांनी स्वतः हात घालून माझी किल्ली काढून घेतली असती. ड्रोनसाठी त्यांनी एक मेंढी मरू दिली नसती, स्वतःसाठीही नाही.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, दिवा विझला. माझ्याकडे आता करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझे हात आपोआप जोडले गेले. मागणंसुद्धा सुचलं नाही. एवढंच म्हणालो, मल्हारी, मला जमत नाही, तुझं तू बघ. आणि रडलो. त्या बाईसमोर रडायची लाज वाटली नाही.

गाडी गप्प झाल्यावर आधी कानात नुसता घुमारा होता. मग वारा ऐकू आला, तुरीच्या पानांची सळसळ, मेंढीचा धापा टाकल्याचा आवाज. आणि मग खालच्या अंगाकडून, ओढ्याच्या बाजूनं, एक लांब हाळी आली. शेवटी वर चढणारी आणि एकदम तुटणारी. पांगलेली मेंढरं गोळा करायची हाळी ती. जगात तशी हाळी घालणारा मी एकच माणूस ऐकला आहे. बाईनंही मान वर केली आणि म्हणाली, “कुनीतरी जुना मानूस हाय.”

पाण्याची बाटली उचलून मी कसा पळालो ते मला आठवत नाही. अंगावर ओरखडे होते ते नंतर दिसले. ओढ्याच्या काठी दाट बाभळीखाली आबा बसले होते. पाय मुरगळला होता, एक चप्पल नव्हती, ओठ सुकले होते. पलीकडे काही पावलांवर ती दुसरी विहीर होती. वर बघितलं तर बाभळीतून आभाळाचा तुकडाही दिसत नव्हता. चारही दिवे भरून ड्रोन वरून दहा वेळा फिरवला असता तरी मला बाभळीचा शेंडाच दिसला असता. आणि हे सगळं हाकेच्या अंतरावर होतं. तो सगळा वेळ ते हाळी घालत होते आणि तो सगळा वेळ मी इंजिन चालू ठेवून बसलो होतो.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, जशा मी शाळा चुकवून आलो की घालायचे.

“कुठं गेलता बे? कवाचा हाका मारायलो.”

बाटली त्यांच्या तोंडाला लावली. पाणी पिऊन झालं, मी त्यांना पाठीवर घेतलं, आणि वाटेवर येईपर्यंत ते मनानं पुन्हा दुसरीकडे गेले होते. गाडीत बसताना म्हणाले, “पाव्हणं, तुमाला लई तरास झाला.”

त्या मेंढीला दोन पिल्लं झाली. पुढच्या आठवड्यात मी त्या बाईला शोधत गेलो, कळप परळीच्या वाटेवर एका शेतात बसलेला सापडला. साडी-चोळी नेली होती. मी पाया पडायला वाकलो तर ती मागे सरली. तुमच्यामुळे माझे वडील सापडले, असं सांगितलं, तर तिला ते पटेना. म्हणाली, “मी कुठं काय केलं? मला माज्या मेंढीची काळजी हुती.” खोटं ती बोलत नव्हती. तिला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. देवानं तिला पाठवलं का, हे मी कोणाला सांगत बसत नाही. मला एवढंच माहीत आहे की ती आली नसती तर मी दुसरा दिवा लागायची वाट बघत राहिलो असतो.

आता सकाळी बायकोच्या आधी मीच दिवा लावतो. मागत काही नाही. आधी मी देवावर रुसलो होतो की तो बोलत नाही. माझ्याच इंजिनाचा आवाज किती होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आबांनी त्यानंतर मला परत कधी ‘बे’ म्हटलेलं नाही. रोज चहा देताना ते मला गाव विचारतात आणि मी सांगतो, “वडवणी.” ते खूश होतात. म्हणतात, “आमचं बी तेच की. माजा पोरगा तिथंच ऱ्हातो, लई गुणाचा हाय.”