डिकीतला नारळ

आमच्या गल्लीत राहणारा माझा एक दोस्त, पंचायत समितीतला बाबू, स्कूटीच्या डिकीत कायम एक नारळ आणि कोरं उपरणं ठेवतो. कुणाचं काही चांगलं झालं की सत्कार ठरलेला. जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलला, तेव्हा त्याने वायरमनला खांबाखालीच उपरणं घातलं. मला त्याच्या या सवयीची लाजच वाटायची.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं बीडला भजी खायला गेलतो. कॉलेजच्या मैदानावरून गिटारचा आवाज आला. "चल बे, बघू तर," म्हणत त्याने गाडी वळवली. तिथे रॉक बँड वाजत होते. अंबाजोगाईच्या पोरांनी स्वतःची गाणी सुरू केली, तसं पब्लिक "डीजे लावा" म्हणून ओरडायला लागलं. त्यांच्यातली गाणारी पोरगी थांबली आणि माईकची वायर गुंडाळू लागली.

शेजारी पाहिलं तर हा गायब. उपरणं, नारळ घेऊन थेट स्टेजवर. मी मान खाली घातली.

पोरीच्या गळ्यात उपरणं घालून, हातात नारळ देऊन तो माईकवर म्हणाला, "मला यातलं काई कळलं न्हाई. पण पोरं लई जीव लावून वाजवायलेत, हाय का न्हाई? अजून एक होऊ द्या."

मैदान हसलं, मग टाळ्या पडल्या. पोरगी उपरण्यासकट गायली आणि मघाशी ओरडणारेच उड्या मारू लागले.

परतताना त्याने किराणा दुकानाशी गाडी थांबवली.

"आता कशाला?" मी विचारलं.

दुकानातला नवा नारळ कानाशी हलवत तो म्हणाला, "डिकी रिकामी ठेवून कसं चालंल? उद्या कुणाचं काय चांगलं होईल, सांगता येतंय का?"

"मग दोन घे," मी म्हणालो.