मागच्या खोलीचे सोळा अंश

हॅलिफॅक्स गावातल्या निम्म्या घरांत खोल्या तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर नेव्हिल सग्डनच्या हातचे. पस्तीस वर्षं तेच काम. माणूस कामाला चोख, पण हेकट. आपलं काही चुकतं, हे त्याच्या गावीच नव्हतं.

स्वतःच्या घरात त्यानं सातही रेडिएटरना फोनवरून चालणारे व्हॉल्व्ह बसवले. प्रत्येक खोलीची ऊब वेगळी, वेळ वेगळी. गॅस किती वाचला याचा आलेख तो गिऱ्हाइकांना दाखवायचा, जणू नातवाचा फोटो!

मग सासूबाई राहायला आल्या, विनिफ्रेड. त्यांना मागची छोटी खोली दिली. रोज सकाळी चहा झाला की दहा चाळीसला त्या व्हॉल्व्ह हातानं फिरवून बावीस अंशांवर न्यायच्या. नेव्हिल कुठंतरी कुणाच्या बॉयलरपुढं गुडघ्यांवर बसलेला असायचा. खिशातला फोन थरथरायचा: मागची खोली, बावीस, हातानं. "म्हातारीची थेरं," असं पुटपुटत तो तिथूनच सोळा करून टाकायचा. अख्खा जानेवारी.

"तुझ्या आईच्या हाडांतच थंडी आहे गं," असं तो बायकोला, डेनिसला सांगायचा. "खोली छान गरम आहे."

फेब्रुवारीत म्हातारीची छाती भरली. हॉस्पिटलात चौथ्या दिवशी ती वारली.

आपण रोज सोळा करत होतो, ही गोष्ट त्यानं गिळली. पण फोनमध्ये सगळी नोंद होती आणि ती पुसायची सोय नव्हती. डेनिसनं फोन कधी उघडला तर? तेव्हापासून फोन तो न्हाणीघरातसुद्धा बरोबर न्यायला लागला.

नोव्हेंबरात बॉयलर पुन्हा सुरू झाला. एका मंगळवारी तो गिऱ्हाइकाच्या जिन्याखाली पाइप कापत होता. फोन थरथरला.

मागची खोली, बावीस, हातानं. वेळ दहा चाळीस.

डेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर होती. घराला कुलूप होतं. आणि या बाबानं काय केलं? सवयीनं सोळा दाबलं! दाबल्यावर मात्र अंगावर सर्रकन काटा आला.

बुधवारी तेच, गुरुवारी तेच. "बिघाड आहे, दुसरं काय!" असं स्वतःला बजावत शुक्रवारी पहाटे त्यानं व्हॉल्व्हचं फिरवायचं डोकं काढलं, त्या जागी टोपण घट्ट पिळून रेडिएटर बंद केला, बॅटऱ्या उपसल्या आणि ते डोकं हत्यारांच्या खणात टाकलं. त्या दिवशी फोन गप्प राहिला. त्याच्या जिवात जीव आला.

शनिवारी दहा चाळीसला तो हात धूत होता. फोन टेबलावर राहिला होता. तो थरथरला तो डेनिसच्या कोपराजवळ.

"नेव्हिल, मागच्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. ठेव तो खाली."

"बावीस म्हणतोय." तिचं बोट वर सरकू लागलं. "हे कधीपासून चाललंय, बघू तरी."

ओल्या हातांनी तो तिथंच उभा राहिला. फोन हिसकावून घ्यायचंही त्याला सुचलं नाही. ती जानेवारीपाशी पोचली. बावीस, हातानं. सोळा, नेव्हिलच्या फोनवरून. बावीस. सोळा. एकतीस दिवस.

डेनिस ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रडायची रे ती," ती म्हणाली. "मी तिच्या अंगावर अजून एक स्वेटर चढवायची. म्हणायची, आई, नेव्हिलला यातलं कळतं, तू उगाच कुरकुर करतेस. माझ्या तोंडून वदवलंस तू हे."

"डेनिस, अगं..."

"ती मागतेय ना? दे मग!"

तो खणाकडं धावला. बॅटऱ्या घातल्या, मागच्या खोलीत जाऊन टोपण काढलं, डोकं परत बसवलं, बावीस लावलं. खाली बॉयलर पेटल्याचा आवाज आला. पाणी खळखळत वर आलं. थोड्या वेळात रेडिएटर हात लावला तर भाजेल इतका तापला.

फोनवर खोलीच्या प्रत्यक्ष उबेचा आकडा मात्र सोळा होता. डेनिस कोट घालून आईच्या खुर्चीत बसली. नेव्हिल दारात उभा राहून आकडा बघत होता. संध्याकाळी खिडकीच्या काचा घामेजल्या, त्याच्या शर्टाची पाठ भिजली. आकडा सोळाच होता.