आमची ताई ड्रॉइंगची बाई कशी झाली

आबा फौजेतून रिटायर होऊन मेढ्याला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी ट्रंक आली आणि एक स्टॉपवॉच. ट्रंक माळ्यावर गेली. स्टॉपवॉच मात्र आम्हा भावंडांच्या मानगुटीवर बसलं. मी धैर्यशील, मला मिलिटरीत घालायचं ठरलेलं. माझ्याहून दोन वर्षांनी थोरली प्रियदर्शनी, म्हणजे ताई, तिला पोलिसात. आमच्या गावात घरटी एक माणूस वर्दीत असतो. त्यामुळे पोरांना काय व्हायचंय हे विचारायची पद्धतच नाही.

सकाळी साडेपाचला आबा रस्त्याकडेच्या दगडावर उभे राहायचे आणि आम्ही पळायचो. ताई माझ्यापुढे असायची. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगून टाकतो. आठशे मीटर ती अशी कापायची की आबांच्या मिशीत हसू मावायचं नाही. पोलीस भरतीत पोरगी लागणार, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती.

ताईचा हात चित्रकलेत चांगला होता, पण आमच्याकडे त्याचा उपयोग म्हणजे लग्नघरी रांगोळी आणि बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवणं. गावच्या शाळेत ड्रॉइंगला मास्तरच नव्हता. तो तास गणिताचे गुरुजी गिळायचे. त्या वर्षी सातवीच्या पोरांना चित्रकलेच्या परीक्षेला बसवायचं हेडमास्तरांच्या मनात आलं. पोरगी शनिवारी एक तास घेईल का, असं त्यांनी आबांना विचारलं. आबा म्हणाले, घेईल की, आणि फुकट घेईल. जन्मात आपण एवढी एकच चूक केली, असं ते पुढं कितीतरी वर्षं म्हणायचे.

पहिल्याच शनिवारी ताईनं निसर्गचित्र काढायला सांगितलं. सव्वीस पोरं, सव्वीस चित्रं, आणि सगळी एकाच साच्यातली. दोन टोकदार डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्याकडे नारळ येतो तो देवापुढं फोडायला. आणि शाळेसमोरचा आमचा डोंगर माथ्यावर सपाट आहे, वरचा भाग सुरीनं कापून नेल्यासारखा. ताईनं पोरं मैदानात नेली, डोंगराकडे तोंड करून बसवली आणि बघून काढायला सांगितलं. पोरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि पुन्हा टोकंच काढली. आमच्या आळीतल्या धोंडुबाईची नात तेवढी कोरा कागद घेऊन बसली होती. येत नाही का, असं ताईनं तिला विचारलं.

"येतंय की बाई," ती म्हणाली. "पर आपला डोंगर चुकलाय. पुस्तकातल्यावानी न्हाई त्यो."

ताईला आधी हसू आलं आणि मग ते कुठल्या कुठं गेलं. बारा वर्षांच्या पोरीला जन्मापासून समोर असलेला डोंगर खोटा वाटत होता आणि छापलेला खरा. ताई तिच्याशेजारी मातीत बसली आणि तिचं बोट धरून हवेत डोंगराची कड गिरवली. मग त्या पोरीनं कागदावर एक आडवी, वेडीवाकडी, सपाट रेघ ओढली. ती रेघ बघून माझं ठरलं, असं ताई आजही सांगते.

भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची चाचणी, आठ दिवसांवर होतं. त्याच संध्याकाळी जेवताना ताईनं सांगून टाकलं की ती पळायला जाणार नाही, तिला सांगलीला जाऊन ड्रॉइंगच्या शिक्षकाचा डिप्लोमा करायचाय. आबांनी घास खाली ठेवला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागतीस?"

"व्हय आबा."

त्यानंतर आबा तिच्याशी बोलले नाहीत. आईनं तिची पिशवी भरली आणि मी एस्टीपर्यंत पोचवायला गेलो. गाडी सुटताना ताई रडली, पण खाली उतरली नाही. सांगलीजवळ माधवनगरला गुणमालाकाकूंच्या घरात तिला खोली मिळाली. काकू जैन, दिवे लागायच्या आत जेवणारं घर. ताई उशिरा आली तर तिचं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि वर बोलणीही खावी लागायची. त्या दिवसांची तिला अजून ओढ वाटते. तिचा फोन आला की आबा मुकाट्यानं तो आईकडे द्यायचे.

आबांचं म्हणणं खोटंही ठरलं नाही. ताई सांगलीच्या एका शाळेत लागली ती तासिका तत्त्वावर, जितके तास तितका पगार. मी फौजेत सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनीत आलो, तरी ताईची कायमची ऑर्डर आलेली नाही. आबा तिच्याशी बोलायला लागले होते, पण कामापुरतं. तिची शाळा मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

परवा मिरजेला आबांना डोळे दाखवायला नेलं. डॉक्टर दुपारी येणार होते, म्हणून वेळ काढायला मी त्यांना जवळच सांगलीला ताईच्या शाळेत घेऊन गेलो. आबा मागच्या बाकावर अवघडून बसले. आठवणीतलं माणूस काढा, असं ताईनं वर्गाला सांगितलं आणि कागद वाटत आली. आबांपुढं जरा थांबली आणि त्यांनाही एक ठेवला. मला वाटलं, आता हे उठून जाणार. पण आबांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली.

कागदावर एक तंबू आला, मग स्टोव्ह, मग स्टोव्हजवळ बसलेली दोन माणसं. हा दुसरा कोण, असं ताईनं हळूच विचारलं.

"कोंडीबा," आबा म्हणाले. "बर्फात गेला. माझ्या शेजारी."

हे नाव आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. आईनंही नाही. आबा बाकावरून उठून उभे राहिले, वर्गातली पोरं उभी राहतात तसे.

"तोंड नीट आलं न्हाई त्याचं," ते म्हणाले. "बाई, दुसरा कागद द्या."

ताईनं कागद दिला. मला तर रडू आवरेना.